तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुप जवळचा बघायचा की लांबचा?

लग्नाच्या हॉलमध्ये कोणीतरी मला बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "आमच्या घरी एकाला दारू सोडायचीय, तुम्ही जाता तसा ग्रुप कुठे आहे का? पण जरा लांबचा सांगा, ओळखीचं कोणी भेटायला नको." फोनवरही हेच विचारतात. मी डोंबिवलीकडे राहतो, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या म्हणजे एएच्या, दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या ग्रुपच्या, मीटिंगला बरीच वर्षं जातोय, नाव लिहीत नाही कारण आमच्यात तशीच पद्धत आहे.

माझं उत्तर, जवळचाच बघा. चालत किंवा शेअर रिक्षाने पोचता येईल असा. लांबचा ग्रुप रविवारी सकाळी ठीक वाटतो, पण दारूची ओढ रविवारी सकाळी येत नाही हो, ती येते मंगळवारी संध्याकाळी सातला, साहेबाशी वाजलेलं असतं, लोकल लेट असते आणि स्टेशनबाहेर पडल्यावर घरापर्यंत तीन परमिट रूम लागतात. तेव्हा दादरला जायची ताकद कोणाच्यात असते? पण गल्लीच्या टोकाला मीटिंग चालू असेल तर माणूस पाय ओढत का होईना जातो. गटारीला, धुळवडीला, थर्टी फर्स्टला तर मी नवीन माणसाला सरळ सांगतो, आज घरी बसू नकोस, इकडे ये.

आणि ओळखीचं कोणी भेटलं तर? तो तिथे त्याच कारणासाठी आलेला असतो. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही हे आम्ही मनापासून पाळतो. शिवाय पिताना कोण कसं घरी येतं हे सगळ्या बिल्डिंगला केव्हाचंच माहीत असतं, लाज वाटते ती उपचाराची, हे मला फार वाईट वाटतं.

आता शोधायचं कसं. एएच्या भारतातल्या वेबसाइटवर आणि हेल्पलाइनवर तुमच्या भागातल्या मीटिंगचा वार, वेळ, पत्ता मिळतो. मुंबईत बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये होतात, पण त्याचा धर्माशी संबंध नाही, जागा मिळते म्हणून तिथे. फोनवर दोन गोष्टी नक्की विचारा, मीटिंग मराठीत असते का आणि ओपन आहे की क्लोज्ड, कारण ओपनला घरचेही येऊन बसू शकतात, क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. शेवटी डबा फिरतो, पहिल्यांदा आलेल्याने काही टाकायची गरज नाही. बोललंच पाहिजे असंही नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं.

एएशिवायही रस्ते आहेत. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, तिथून उपचार घेऊन गेलेल्यांसाठी वेगवेगळ्या गावांत फॉलोअप चालतो, पेशंटच्या बायकांसाठी त्यांचा सहचरी गट आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन फुकट आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करून थेट मीटिंगला येऊ नये. हात थरथरणं वेगळं, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस जाऊही शकतो. आधी डॉक्टर. ग्रुप हा औषधाच्या जागी नाही, औषध संपल्यावर जे लांबलचक आयुष्य उरतं त्यासाठी आहे.

बायका विचारतात, तो यायलाच तयार नाही, काय करू? ताई, मग तुम्ही जा. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, १९५१ पासून चालू आहे, आणि तिथे जायला नवऱ्याने दारू सोडलेली असायची अट नाही. बाटल्या लपवणं, ऑफिसला खोटे फोन करणं, उधाऱ्या फेडणं, यात बाई आतून संपून जाते, तिलाही कोणाशी तरी बोलायला हवं ना.

आणि तालुक्यात ग्रुपच नसेल तर? एएची सुरुवातच तशी झालीय. १९३५ मध्ये नुकतीच दारू सोडलेला बिल विल्सन धंद्याच्या कामाला अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता, काम फिसकटलं, हॉटेलात एका बाजूला बार आणि त्याला प्यावंसं वाटायला लागलं, तर तो फोनजवळ गेला आणि चर्चना फोन लावत सुटला, मला दुसरा एखादा दारुडा भेटवा म्हणून. त्यातून डॉ. बॉब भेटले, तेही दारूने त्रासलेले, आणि त्या दोघांपासून एए सुरू झालं. एएमध्ये आजही दोन माणसं पुरतात ग्रुप म्हणायला. तेव्हा दुसरा माणूस शोधा, सिव्हिलच्या डॉक्टरांना सांगून ठेवा की असा कोणी आला तर माझ्याकडे पाठवा, आणि जवळच्या शहरातल्या ग्रुपला फोन करा. आमच्यातले लोक कर्जतच्या बाजूला असे जाऊन बसलेत, नवीन ग्रुपला पाय फुटेपर्यंत. तुम्ही हाक मारलीत तर तुमच्याकडेही कोणीतरी येईल.