तुम्ही विचारलंत म्हणून : तीन सामन्यांवरून बेसबॉलचा नवा पिचर ओळखावा कसा?

दर वर्षी एप्रिल संपत आला की न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींकडून मला एकच प्रश्न येतो : बेसबॉलमधल्या अमुक एका नव्या स्टार्टिंग पिचरने, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, पहिले तीन सामने फार सुरेख टाकले आहेत, तर त्याला फँटसी संघात घ्यावे का? फोनवर मी हो किंवा नाही एवढेच सांगतो आणि कारण सांगायचे राहून जाते, म्हणून आज ते सविस्तर लिहितो.

आमची लीग जुन्या पद्धतीची आहे. 1980 साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी हा खेळ सुरू केला तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे : खरे खेळाडू निवडायचे आणि हंगामभर त्यांचे आकडे आपल्या खात्यात जमा करायचे. पिचरसाठी आमच्याकडे पाच रकाने आहेत, ते म्हणजे विजय, सेव्ह (शेवटी येऊन थोडक्या आघाडीचा सामना राखणे), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणे), ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या, क्षेत्ररक्षकांच्या चुकांच्या वगळून, धावा, आणि व्हिप म्हणजे दर इनिंगमागे दिलेले हिट (बॅटरने चेंडू मारून गाठलेला बेस) व वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळालेला बेस). सेव्ह स्टार्टरच्या वाट्याला येत नाहीत. उरलेल्या चारांपैकी स्ट्राइकआउट सोडले, तर बाकी तिन्ही रकान्यांत पिचरच्या हातात नसलेल्या अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि तीन सामन्यांत तर ती भेसळ फार मोठी असते. विजयाचे उदाहरण घ्या. पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सने 2025 मध्ये 1.97 ईआरए राखून सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला, पण त्याच्या नावावर 10 विजय आणि 10 पराभव लागले, कारण त्याचे फलंदाज धावाच करत नव्हते.

याच स्कीन्सचा पहिला सामना मी आवर्जून आठवतो. 11 मे 2024 रोजी पिट्सबर्गमध्ये शिकागो कब्सविरुद्ध तो उतरला आणि त्याचे 17 चेंडू ताशी 100 मैल किंवा त्याहून अधिक वेगाचे होते. पाचव्या इनिंगमध्ये दोन धावपटू बेसवर ठेवून तो बाहेर गेला, आणि त्याच्यानंतर आलेल्या पिचरांनी वॉकमागून वॉक देत ते दोघेही घरी पोहोचवले, म्हणजे दोन धावा दिल्या. नियमाप्रमाणे त्या धावा स्कीन्सच्या खात्यावर पडल्या, त्यामुळे चार इनिंगमध्ये तीन धावा, म्हणजे ईआरए 6.75, असा हिशेब कागदावर उमटला. माझ्या वहीत मात्र त्या दिवशी वेगळी ओळ होती : साधारण 20 बॅटर, 7 स्ट्राइकआउट, 2 वॉक. सहा दिवसांनी शिकागोत त्याच संघाविरुद्ध त्याने सहा इनिंग एकही हिट न देता 11 जणांना स्ट्राइकआउट केले. वर्षाअखेर 133 इनिंगमध्ये 170 स्ट्राइकआउट, 32 वॉक आणि 1.96 ईआरए असे त्याचे आकडे होते.

म्हणून मी सर्वांत आधी स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा करतो. बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू हिट ठरतो की बाद, यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो, हे बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या वोरोस मॅकक्रॅकनने 2001 मध्ये मांडले तेव्हा अनेकांना ते पटेना. आज जवळजवळ सगळे विश्लेषक त्याच पायावर उभे आहेत. सध्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या स्तरावर, साधारण 22 टक्के बॅटर स्ट्राइकआउट होतात आणि 8 टक्क्यांना वॉक मिळतो, म्हणजे फरक 14 च्या आसपास राहतो. नव्या पिचरचा फरक 20 च्या वर असेल, तर त्याचा ईआरए कितीही वाईट दिसत असला तरी मी त्याला घेतो. मात्र हे दोन आकडे सारख्या वेगाने विश्वासार्ह होत नाहीत. विश्लेषक रसेल कार्लटनने काढलेल्या हिशेबानुसार स्ट्राइकआउटचे प्रमाण सुमारे 70 बॅटरनंतर बोलू लागते, वॉकसाठी मात्र सुमारे 170 बॅटर लागतात. एका सामन्यात स्टार्टर बावीस-चोवीस बॅटरना सामोरा जातो, म्हणजे तीन सामन्यांत पहिली गोष्ट कळते आणि दुसरी कळायला सात-आठ सामने थांबावे लागते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. टोरांटोच्या ॲलेक मनोआने 2022 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, 16 विजय आणि 2.24 ईआरए अशी कामगिरी केली. पण केवळ स्ट्राइकआउट, वॉक, बॅटरला लागलेले चेंडू आणि होम रन यांवरून काढला जाणारा, ईआरएच्याच मापाचा फिप हा आकडा त्याच वर्षी 3.35 होता. तोही चांगलाच आहे, तरी दोहोंमधले अंतर लक्षात ठेवण्याजोगे होते. पुढच्या वर्षी त्याने 87 इनिंगमध्ये 59 वॉक दिले, ईआरए 5.87 वर गेला आणि जूनमध्ये त्याला थेट सर्वांत खालच्या पायरीवरच्या लीगमध्ये पाठवावे लागले. एवढी पडझड फिपवरूनही कोणाला दिसली नसती, आणि मला त्या मुलाबद्दल आजही वाईट वाटते.

आकड्यांनंतर मी सामना पाहतो, आणि तेव्हा माझी नजर कॅचरच्या, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, ग्लोव्हवर असते. कॅचरने बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात ग्लोव्ह धरला आणि चेंडू आल्यावर तो जेमतेम हलला, तर पिचरचा हात ठिकाणावर आहे. तोच ग्लोव्ह प्लेट ओलांडून दुसऱ्या बाजूला न्यावा लागला आणि बॅटरने तरीही चेंडू हवेत उडवून झेल दिला, तर कागदावर बाद दिसतो, पण मी वहीत खूण करतो. दुसरी खूण वेगाची. पहिल्या इनिंगमध्ये 96 मैलांनी येणारा चेंडू पाचव्यात 93 वर आला असेल, तर त्याच बॅटरांची तिसरी फेरी सुरू झाल्यावर त्याचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. एका सामन्यातून दुसऱ्यात पहिल्याच इनिंगचा वेग दोन मैलांनी घसरला, तर मला कोपराची काळजी वाटू लागते. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या मैदानातले आकडे मी बाजूला ठेवतो, कारण तिथल्या विरळ हवेत चेंडू कमी वळतो आणि जास्त लांब जातो.

दुखापतीपुढे मात्र यातले काहीच पुरत नाही. अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरने 2023 मध्ये 281 स्ट्राइकआउट केले, 2024 मध्ये तो दोनच सामने खेळू शकला आणि कोपरावर शस्त्रक्रिया झाली. म्हणून तरुण, वेगवान पिचरवर संघाचा सगळा भार टाकू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. समजा त्या मुलाने तीन सामन्यांत 64 बॅटरना तोंड दिले, 13 स्ट्राइकआउट केले, 9 वॉक दिले आणि ईआरए दीड आहे. फरक चार बॅटरचा, म्हणजे सहा टक्क्यांचा झाला. अशा मुलासाठी चांगला खेळाडू सोडू नका. बेंचवर जागा रिकामी असेल तर ठेवा, आणि पुढच्या चार सामन्यांत फक्त वॉक मोजा. ईआरए तीनवर गेला आणि वॉक निम्म्यावर आले, तर मला फोन करा, कारण त्या दिवशी त्याला खेळवायची वेळ झालेली असेल.