बर्ट म्हातारा आणि नैवेद्याची फळी

काही पिक्चर असे असतात की टीव्हीवर अर्ध्यातून लागलेले दिसले तरी रिमोट आपोआप खाली ठेवला जातो. माझ्यासाठी 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' त्यातला एक. २००५ चा, अँथनी हॉपकिन्सचा. नावावर जाऊ नका, यातली इंडियन म्हणजे अमेरिकन कंपनीची मोटरसायकल, आणि गोष्ट आहे न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिल गावातल्या बर्ट मन्रोची. हा माणूस खरोखर होऊन गेला. १८९९ चा जन्म, १९२० मध्ये नवीकोरी इंडियन स्काउट घेतली, आणि मग जन्मभर तीच एक गाडी खोलत आणि जोडत बसला.

ट्रेलर बघितलात तर वाटेल की मिठाच्या वाळवंटात सुसाट सुटलेल्या मोटरसायकलचा पिक्चर आहे. ते आहेच, आणि मोठ्या पडद्यावर अंगावर काटा येतो ते वेगळं. पण मला विचाराल तर खरा पिक्चर पहिल्या अर्ध्या तासातच आहे, बर्टच्या शेडमध्ये. म्हातारा तिथेच राहतो, तिथेच झोपतो, आणि पहाटे सगळी गल्ली साखरझोपेत असताना गाडीला किक मारतो. शेजारी वैतागलेले, त्यात अंगणातलं गवत गुडघाभर वाढलेलं, ते काप म्हणून मागे लागतात तर हा पेट्रोल ओतून गवत पेटवूनच देतो, मग फायर ब्रिगेड वगैरे. आपल्याकडच्या सोसायटीत असता तर वार्षिक सभेत पहिला विषय हाच!

त्या शेडमध्ये तो पिस्टन, म्हणजे इंजिनात वर-खाली होणारा दट्ट्या, स्वतः ओततो. जुन्या डब्यांचा साचा करून त्यात वितळलेला धातू ओतायचा, थंड झाला की कानस घेऊन घासत बसायचं. खरा मन्रोही हेच करायचा, पिस्टनला जोडलेले दांडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड, त्याने ट्रॅक्टरच्या जुन्या अॅक्सलमधून हाताने कोरून काढले होते, मोजमापाची काही साधनंसुद्धा घरीच बनवलेली. विकत घ्यायला पैसे नव्हते हे एक, आणि दुसरं म्हणजे त्याला हवा तसा पार्ट बाजारात मिळायचाच नाही, कारण चाळीस वर्षं जुन्या इंजिनाकडून तो जे मागत होता ते त्या कंपनीच्या स्वप्नातही नसणार. ६०० सीसीचं इंजिन त्याने वाढवत वाढवत साडेनऊशेच्या घरात नेलं. नवी असताना गाडी ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास पळायची, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि ती फळी. शेडच्या भिंतीवर एक शेल्फ, त्यावर फुटलेले पिस्टन, वाकलेले रॉड, जळलेले व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले आणि वर लिहिलंय, वेगाच्या देवाला अर्पण. दुसऱ्या कुणी हे भंगारात टाकलं असतं, हा नैवेद्य दाखवतो. पिक्चरमध्ये कॅमेरा त्या फळीवरून सावकाश फिरतो तेव्हा मी दरवेळी पॉज करतो, कारण एकेक तुकडा म्हणजे किती महिन्यांची रात्रपाळी असेल याचा अंदाज येतो.

मग म्हातारा पैसे जमवून बोटीने अमेरिकेला निघतो, युटाहमधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर गाडी पळवायला. इथे दिग्दर्शकाने एक गंमत केलीय, अख्ख्या पिक्चरमध्ये व्हिलनच नाहीये. सुरुवातीला त्याची टिंगल करणारी गावातली बाइकवाली टवाळ पोरं निघायच्या दिवशी त्याच्या हातात पैसे ठेवतात. जुन्या गाड्या विकणारा त्याला स्वतःच्या आवारात मोटरसायकल ओढून न्यायचा ट्रेलर बनवू देतो. वाळवंटात ट्रेलरचं चाक निखळतं तर हा त्याच्याखाली चक्क लाकडाचा ओंडका बांधून पुढे निघतो, आणि वाटेत भेटेल तो माणूस मदतच करतो. खरं सांगायचं तर हा भाग थोडा जास्तच गोड झालाय. वाटेतल्या बायकाही त्याच्यावर पटापट खूश होतात, तिथे मी हसून सोडून देतो. हॉपकिन्स नसता तर हे सगळं चिकट वाटलं असतं. शूटिंगच्या वेळी तो स्वतः साठी ओलांडलेला होता, आणि त्याने बर्टला बिचारा म्हातारा केला नाही हे फार बरं केलं. थोडा बहिरा, थोडा हट्टी, समोरच्याला सहज गुंडाळणारा आणि आपण काही विशेष करतोय याची अजिबात जाणीव नसलेला माणूस.

बॉनव्हिलला पोचल्यावर कळतं की आधी नाव नोंदवायला लागतं, ते ह्याने केलेलंच नाही. वर तपासणीवाले बघतात तर ब्रेक म्हणण्यासारखे ब्रेक नाहीत, पॅराशूट नाही, टायरला चिरा, त्या बूट पॉलिश लावून बुजवलेल्या आणि पेट्रोलच्या टाकीला बाटलीचं बूच! तपासणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा आहे. तो काही चुकीचं बोलत नसतो हे मात्र खरं, मी त्याच्या जागी असतो तर मीपण नाही म्हणालो असतो.

आता जरा खऱ्या गोष्टीकडे, कारण पिक्चर संपल्यावर मी तेच शोधत बसलो होतो. पिक्चरमध्ये सगळं एका फेरीत उरकतं, म्हातारा येतो, ताशी दोनशे मैलांच्या पुढे जातो, जिंकतो. प्रत्यक्षात तो १९६२ मध्ये पहिला रेकॉर्ड करून थांबला नाही, पुन्हा पुन्हा येत राहिला. १९६६ मध्ये दुसरा, १९६७ मध्ये तिसरा, तेव्हा वय ६८. हजार सीसीच्या आतल्या गटात ताशी १८३.५८६ मैल, म्हणजे साधारण २९५ किलोमीटर. (आता तो ८८ चा आकडा आठवा.) बॉनव्हिलला रेकॉर्डसाठी एकदा पळून भागत नाही, उलट्या दिशेनेही पळावं लागतं आणि दोन्हींची सरासरी धरतात, म्हणजे इंजिन पहिल्या फेरीत फुटलं तर सगळं पाण्यात. आणि याची इंजिनं फुटायचीच. हृदयाचा त्रास आहे, जळत्या एक्झॉस्टने पाय भाजतोय, गाडी मध्येच डगमगते, आणि हा परत न्यूझीलंडला जाऊन शेडमध्ये नवा पिस्टन ओततो. वर्षानुवर्षांचं हे येणं-जाणं दोन तासांत दाखवता येत नाही हे कळतं मला, पण माझ्या मते म्हातारा ग्रेट आहे तो त्यासाठीच. एकदा जिंकून घरी बसणारे बरेच असतात.

अजून एक भारी गोष्ट. बर्ट १९७८ मध्ये गेला. २०१४ मध्ये त्याच्या मुलाच्या लक्षात आलं की १९६७ च्या रेकॉर्डची सरासरी काढताना हिशोबच चुकला होता, अमेरिकन मोटरसायकल असोसिएशनने ती चूक मान्य केली आणि आकडा १८४.०८७ मैल झाला. म्हणजे म्हातारा जाऊन ३६ वर्षं झाली तरी स्पीड वाढतोय!

दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसनने बर्टवर १९७१ मध्येच एक डॉक्युमेंटरी केली होती, खुद्द बर्टला घेऊन, आणि तिचं नाव त्या फळीवरच्या ओळीवरूनच आहे. त्यानंतर तीसेक वर्षांनी हा पिक्चर आला, म्हणजे दिग्दर्शकही त्याच जातीचा. आधी पिक्चर बघा, मग डॉक्युमेंटरी शोधा, उलटं नको. सबटायटल लावून बघा, म्हातारा पुटपुटतो फार. आणि घरात कुणी रिटायर झालेले काका-बाबा गॅलरीत स्क्रू ड्रायव्हर घेऊन काहीतरी खोलत बसत असतील तर त्यांना शेजारी बसवून बघा, मधेमधे ते इंजिनाबद्दल बोलणार, बोलू द्या.