कळा, स्वसंमोहन आणि शेवटी एपिड्युरल

इंग्लंडमध्ये गुंतागुंत नसलेलं बाळंतपण मुख्यतः मिडवाइफच, म्हणजे प्रशिक्षित सुईण, बघते. माझ्या मिडवाइफने सातव्या महिन्यात हिप्नोबर्थिंगचा, म्हणजे बाळंतपणासाठी स्वसंमोहन शिकवणारा, वर्ग सुचवला, तेव्हा डोळ्यांसमोर लंबक हलवणारा जादूगार आला. प्रत्यक्षात तसलं काही नव्हतं. तुम्ही पूर्ण शुद्धीत असता, सगळं ऐकू येतं, हवं तेव्हा उठून जाता येतं.

वर्गात आधी कारण समजावलं. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरने गेल्या शतकात मांडलं होतं की भीतीने अंग आखडतं, आखडलेल्या अंगाला जास्त दुखतं, आणि दुखलं की भीती आणखी वाढते. हे चक्र भीतीपाशीच तोडायचं. वाईहून बाळंतपणासाठी आलेल्या आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, भ्यायचं नाही हे आम्हाला आजीनेही सांगितलं होतं. कसं ते कुणी सांगितलं नाही."

ते 'कसं' म्हणजे रोजचा कंटाळवाणा सराव. चार मोजत श्वास आत, सात मोजत बाहेर. कपाळ, जबडा, खांदे एकेक करत सैल सोडायचे. जबड्यावर मी फार वेळ घालवला, कारण घाबरले की मी दात आवळते. मग दहापासून उलटे आकडे मोजत मनातल्या मनात जिना उतरायचा. खाली पोचल्यावर हात बर्फासारख्या पाण्यात बुडवून बधिर झाल्याची कल्पना करायची आणि तो बधिरपणा पोटावर ठेवायचा. त्या पाण्यासाठी मी पौषातली कृष्णा घेतली, वाईच्या गणपती घाटावरची. सूचना नवऱ्याने मराठीत रेकॉर्ड केल्या. सुरुवातीला त्याचा गंभीर आवाज ऐकून हसूच यायचं.

कळा रात्री सुरू झाल्या. घरी, अंधारात, हे सगळं अपेक्षेपेक्षा छान चाललं. दुखणं गेलं नव्हतं, पण कळ ओसरली की मी खरोखर ओसरू द्यायचे. पुढचीची वाट बघत ताठ बसायचे नाही. दोन कळांच्या मध्ये चक्क डुलकी लागत होती. माझ्या मते या तंत्राची खरी कमाई तीच.

हॉस्पिटलात ती लय मोडली. गाडीतले धक्के, पांढरा उजेड, तेच ते प्रश्न. जन्म-आराखड्यात, म्हणजे बाळंतपण कसं हवं त्या टिपणात, लिहून ठेवलं होतं म्हणून मिडवाइफने दिवे मंद केले, आवाज खाली आणला, आणि कळ चालू असताना विचारणं थांबवलं. गॅस आणि एअर, म्हणजे दुखणं कमी करणारा वायू, हुंगत बराच वेळ निभावलं. पण पिशवीचं तोंड उघडायला फार वेळ लागत होता, म्हणून कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं ड्रिप लावलं. त्या कळा वेगळ्याच. कृष्णाबाई तिथे पुरी पडेना, आणि मी एपिड्युरल, म्हणजे पाठीतून द्यायची भूल, मागितलं.

वर्गातल्या काही जणींना ही हार वाटली असती. मला नाही वाटली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधल्या 680 पहिलटकरणींवरच्या चाचणीत स्वसंमोहन शिकलेल्या आणि न शिकलेल्या गटांत एपिड्युरल घेणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच होतं, 28 आणि 30 टक्क्यांच्या आसपास. फरक दिसला तो भीतीत: शिकलेल्यांना बाळंतपण आधी वाटलं होतं त्यापेक्षा कमी भीतीचं गेलं. हे मला आधीच माहीत होतं, म्हणून सुई मागताना अपराधी वाटलं नाही.

आणि गंमत म्हणजे सरावाचा सगळ्यात जास्त उपयोग तिथेच झाला. पाठीत सुई जाताना पोक काढून अजिबात न हलता बसायचं असतं, आणि कळा काही थांबत नाहीत. नवऱ्याने ठरल्याप्रमाणे खांद्यावर हात ठेवला, जबडा सुटला, मी आकडे मोजत राहिले. भूलतज्ज्ञ म्हणाले, "शाबास, असंच."

मुलगी पहाटे झाली. नंतर टाके घालतानाही तोच श्वास चालू होता.

करून बघायचं असेल तर नवऱ्याला किंवा जो कुणी सोबत असेल त्याला वर्गाला न्याच; ऐन वेळी तुम्हाला आकडेसुद्धा आठवत नाहीत. फिट येत असतील किंवा गंभीर मानसिक आजार झालेला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ती रेकॉर्डिंग मी परवा अक्कलदाढ काढताना परत लावली. भुलीचं इंजेक्शन मात्र आधीच घेतलं होतं.