माझा अनुभव: रंग ट्रॅक्टरचा काढायचा होता, घाम माझा निघाला

वडिलांच्या मॅसी १०३५ वर रंगाचे इतके हात बसले होते की बॉनेट खरवडलं की लालाखाली वेगळाच लाल, त्याखाली रेड ऑक्साइड आणि मधेच कुणीतरी भरलेली पुट्टी निघायची. ग्राइंडरला वायर ब्रश लावून सपाट भाग होतात. गिअरबॉक्सचं हाउसिंग, रिमच्या खाचा, बोल्टांमागचे कोपरे होत नाहीत. तिथे उपाय म्हणजे सँडब्लास्टिंग, दाबाच्या हवेने बारीक खडे (ग्रिट) मारून रंग आणि गंज उडवायचा. हे ब्लास्टिंग बाहेरून करून घ्यायचं तर एकेक भाग टेम्पोत घालून एमआयडीसीत न्यायचा. आणखी दोन जुने ट्रॅक्टर रांगेत होते, म्हणून ब्लास्टिंगचा सेटच घ्यायचं ठरवलं.

पॉट (ग्रिट भरायची दाबाची टाकी), होज, डोक्यावरचा हुड यात फारसा वेळ गेला नाही. अडलं ते कॉम्प्रेसरवर, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

ब्लास्टिंगचं सगळं गणित हवेचं आहे. १०० पीएसआयला, म्हणजे साधारण सात बार दाबाला, १/८ इंची नोझल मिनिटाला साधारण २० घनफूट हवा खाते, ३/१६ इंची ४५ आणि १/४ इंची ८०. हेच ते सीएफएम. म्हणजे आधी नोझल ठरवायची, मग तिला पुरेल असा कॉम्प्रेसर शोधायचा. दुकानात याच्या बरोबर उलटं चालतं.

मी विचारायचो, "सीएफएम किती?" उत्तर यायचं, "काका, पाच एचपी आहे, २२० लिटरची टाकी." बरं, पण हवा किती देतो? "दहा किलो." अहो, तो दाब झाला! "सगळे गॅरेजवाले हाच नेतात." नेत असतील. त्यांना टायरमध्ये हवा भरायची असते, ती दोन मिनिटांत भरते आणि मशीनला दम घ्यायला वेळ मिळतो. ब्लास्टिंगमध्ये नोझल उघडी ती उघडीच. टाकी मोठी म्हणून चालेल असं सांगणारेही भेटले. आठ बारवरून सहावर येईपर्यंत २२० लिटरच्या टाकीतून ४४० लिटर हवा मिळते. सर्वांत लहान नोझल पूर्ण दाबाला मिनिटाला साडेपाचशे लिटरच्या वर ओढते. नुसत्या टाकीच्या जिवावर मिनिटभरही काम होत नाही.

एका दुकानात शेवटी ब्रोशर हाती आलं. त्यात २० सीएफएम छापलेलं. खाली बारीक अक्षरात ‘पिस्टन डिस्प्लेसमेंट’. म्हणजे पिस्टन कागदावर जेवढी हवा ढकलतो तेवढी. प्रत्यक्षात बाहेर येते ती ‘फ्री एअर डिलिव्हरी’, आणि ती बरीच कमी असते. तो आकडा कुठेच नव्हता. विचारला तर "कंपनीला फोन करून सांगतो", आणि तो फोन काही होईना. मी तगादा लावला की मीच फार शहाणपणा करतोय असा चेहरा.

मग म्हटलं, मशीन चालू करा, मी मोजतो. "असं कोणी मोजत नाही हो." मी मोबाइलचं स्टॉपवॉच काढलं. आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद, काटा पाच बारवर आला की सुरू, सातवर आला की बंद. ७० सेकंद लागले. टाकी २२० लिटर, दाब वाढला २ बार, म्हणजे ४४० लिटर हवा ७० सेकंदांत. मिनिटाला सुमारे ३७७ लिटर. एका घनफुटाचे २८.३ लिटर, भागाकार केला, तेरा सीएफएम. वीस छापलेलं, तेरा निघालं! कागदावरचा हिशोब मी काउंटरवर ठेवला. चहा आला, नवं कोटेशन आलं, पण ‘१०० पीएसआयला अमुक सीएफएम’ एवढी एक ओळ बिलावर लिहून द्यायला कोणी तयार होईना. आणि त्याच पॅकेजमध्ये ३/१६ ची नोझल दिलेली, जी चालवायला याच्या तिप्पट हवा लागते!

सुटका झाली ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथं कास्टिंग साफ करणाऱ्या एका कारागिराने सरळ सांगितलं, बंद पडलेल्या वर्कशॉपचं जुनं मशीन बघा आणि घड्याळ लावूनच घ्या. साडेसात एचपीचं टू-स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत हवा दाबणारं, मिळालं. तीच चाचणी केली, २१ निघाले. त्या दिवशी मी घरी येताना गाडीत एकटाच हसत होतो. माझ्या शेडला थ्री फेजचं व्यावसायिक मीटर आधीपासून होतं. तुमच्याकडे नसेल तर कॉम्प्रेसरच्या आधी ते बघा, शेतीपंपाच्या कनेक्शनवर हे चालवायचं नाही.

पाच एचपीच घेणं भाग असेल तर १/८ ची नोझल ६० पीएसआयला चालवा, तेरा सीएफएममध्ये भागतं. काम हळू होतं, पण थांबत नाही. बादलीतून ग्रिट ओढणाऱ्या सायफन गनपेक्षा प्रेशर पॉट कितीतरी वेगाने काम करतो. गॅसच्या जुन्या सिलेंडरला वेल्डिंग करून पॉट बनवून देणारे भेटतील, त्यांना हात जोडा.

नाव सँडब्लास्टिंग असलं तरी वाळू वापरू नका. सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. मी गार्नेट या कठीण खनिजाचे दाणे वापरले, ते चाळून पुन्हा चालतात. जुन्या रंगात शिसंही असू शकतं, तेव्हा रुमाल बांधून भागणार नाही, बाहेरून स्वच्छ हवा येणारा हुडच हवा.

बॉनेट आणि मडगार्डवर जपून. पत्रा ताणला जातो आणि लाटा उठतात, मग डेंटरही हात टेकतो. मोठ्या सपाट पत्र्याला पेंट रिमूव्हर लावा, ब्लास्टिंग कडा आणि गंजापुरतं, तेही कमी दाबावर आणि तिरकं धरून.

हो, इंजिनचा ब्रीदर, हायड्रॉलिकची तोंडं, सगळी सील आधी बुचं मारून बंद करा. चेसिस नंबरच्या प्लेटवर जाड टेप. पावसाळ्यात हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप असूनही ग्रिट ओली होऊन पॉटमध्ये अडकते, टाकीचा ड्रेन रोज सोडा. उघडा झालेला लोखंडी भाग त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे, रात्रभर ठेवलात तर सकाळी तांबूस.

नोझल सिरॅमिकची असेल तर लवकर झिजते. मी ४ मिमीचा ड्रिल बिट पॉटजवळच लटकवून ठेवलाय. तो १/८ च्या नोझलमध्ये सहज गेला की समजायचं, ती आता दीडपटीहून जास्त हवा खातेय. लगेच बदलायची.