छडी कुणाच्या हातात होती?

अंध प्रेक्षकांसाठी सिनेमाचं दृश्यवर्णन लिहिणं हे माझं काम. दोन संवादांच्या मधल्या फटीत पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. अडीच सेकंदांची फट असेल तर सहा शब्द, संपलं. ‘दुःखी होते’ म्हणायचं नाही, ‘मान खाली घालते’ म्हणायचं.

मध्यंतरी ‘कुंकू’ हाती आला. प्रभातचा, १९३७ चा. शांतारामबापूंनी त्याला पार्श्वसंगीतच दिलेलं नाही; ऐकू येतं ते सगळं त्या घरातलं नि गल्लीतलं. म्हणजे आमच्यासाठी फटीच फटी. पण निम्मा सिनेमा त्या शांततेतच आहे, तिथे वाट्टेल तेव्हा तोंड उघडता येत नाही. आमच्या ध्वनिमुद्रकाला हे शेवटपर्यंत पटलं नाही. ‘रिकामं वाटतंय, मंद बासरी टाकू?’ बासरी!

मसुदा आधी अंध परीक्षकाला ऐकवतात. पैसे वाचवायला बरेच जण ही पायरी गाळतात. आमच्या ताई जन्मांध, बँकेतून निवृत्त झालेल्या.

फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा (शांता आपटे) अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते, तो प्रसंग चालू होता. ताईंनी हात वर केला.

“छडीचा आवाज आला. मारलं कुणी?”

“नीरानं, ताई.”

“मग सांगितलं का नाहीस? मला वाटलं, तिलाच मारतायत.”

कागदावर माझ्याच अक्षरात होतं: ‘नीराचे टपोरे डोळे रागाने पेटतात. ओठ थरथरतात.’ चार सेकंद होते, ते मी डोळ्या-ओठांवर उधळले. वर ‘रागाने’!

मी आजवर ऐटीत सांगत आले, की सदतीस साली छडी उचलणारी बाई १९९१ च्या ‘माहेरची साडी’पर्यंत पदराने डोळे पुसायला लागली. त्या रात्री माझ्या जुन्या संहिता काढून बसले. प्रत्येकीत बायका बघतात, लाजतात, डोळे पुसतात. पुरुष दार उघडतात, गाडी काढतात, निघून जातात. यातलं पडद्यावरचं किती आणि माझं किती? सगळे सिनेमे पुन्हा बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि त्याचे पैसे कुणी देणार नाही.

ती ओळ तेवढी बदलली. ‘नीरा छडी उचलते. सपासप मारते.’ दोन सेकंद उरले, ते छडीच्या आवाजाला सोडले.