वाशीचा खाडीकाठ, थरावर थर : नोंद 3

मंडळी, वाशी-सानपाड्याचा खाडीकाठ वेगवेगळ्या नकाशांवरून एकाच प्रमाणात ट्रेसिंग पेपरवर उतरवायचं काम पुढे सरकलंय. तीन थर झाले.

पहिला थर सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशा-पत्रकावरून. ही पत्रकं 15 मिनिटं अक्षांश, 15 मिनिटं रेखांश अशी कापलेली असतात आणि 73 अंश पूर्व रेखावृत्त आपल्या नवी मुंबईतूनच जातं. त्यामुळे वाशीचा खाडीकडचा भाग 47ए/16 या पत्रकावर, तर नेरूळ 47ई/4 वर. दोन पत्रकं जोडल्याशिवाय शहर पूर्ण होत नाही!

जोडताना एक चूक सापडली. 2 सेंमी म्हणजे 1 किमी धरून मोजत होतो, अंतरं जुळेनात. झेरॉक्स काढताना प्रत थोडी लहान झाली होती. 1:50,000 हा छापील आकडा तिथे खोटा ठरतो, पण खालची प्रमाणपट्टी नकाशाबरोबरच आकसते, म्हणून ती खरीच राहते. आता मोजायचं ते प्रमाणपट्टीवरूनच.

दुसरा थर गावनकाशाचा. सर्वे नंबर, बांध, पायवाटा. उंचीची मात्र एकही खूण नाही. जमीन कोणाची आणि हद्द कुठे, एवढंच सांगायचं त्याचं काम. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, त्याआधीची शेतं आणि खाजणं डोळ्यांपुढे आणायला याच्यासारखा नकाशा नाही.

तिसऱ्या थरात मी महिनाभर रमलो. सागरी नकाशा! सर्व्हेच्या पत्रकावर उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. सागरी नकाशावरची खोली मात्र मोठ्या ओहोटीच्या पाण्यापासून, कारण नावाड्याला कमीत कमी पाणी किती मिळेल हे कळायला हवं. मुंबई बंदरात या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. म्हणजे एकाच काठाच्या दोन रेघा निघतात आणि दोन्ही बरोबर. त्यांच्या मधला पट्टा म्हणजे आपला चिखल, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. सागरी नकाशावर अधोरेखित आकडे दिसले तर ती खोली समजू नका. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जमिनीची ती उंची असते.

हा थर वाशीगावातल्या एका कोळी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा चढवला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं व्हडी रुतते." बोटाखाली अधोरेखित आकडाच होता.

चौथा थर सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, भरती रेषेचा. पावसाळी हवेने ट्रेसिंग पेपर फुगतो आणि कोपऱ्यातल्या जुळणीच्या खुणा सरकतात, म्हणून तो पॉलिएस्टर फिल्मवर घेणार आहे. फिल्मवर न पसरणारी शाई कुणी वापरली असेल तर पेनाच्या निबेसकट कळवा.