मोटर लावली तरी आकडा हलेना

आर्द्रा लागून आठवडा झाला होता. रात्री साडेअकराला इन्व्हर्टर ओरडला आणि बंद पडला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी मी लावलेल्या डिस्प्लेवर त्या वेळी ६२ टक्के दिसत होते. बासष्ट टक्के भरलेल्या बॅटऱ्या घर अंधारात टाकत नाहीत. म्हणजे एक तर बॅटऱ्या गेल्या होत्या, नाहीतर माझा आकडा खोटा होता.

आमचं घर दापोली तालुक्यात, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर. वाडीतला शेवटचा विजेचा खांब पाऊण किलोमीटर खाली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर खालच्या वाडीतसुद्धा सव्वा महिना लाइट नव्हती. पुढच्या वर्षी वर घर बांधलं तेव्हा तारेची वाट बघायचीच नाही असं ठरवलं. छपरावर ५४० वॅटची सहा पॅनेल, खाली १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे ४८ व्होल्टची बॅटरी-बँक. इन्व्हर्टरवर छोटा फ्रिज, मिक्सर, पंखे, दिवे. विहिरीवरची मोटर मात्र डीसी, ती थेट बँकेवर चालते. पुण्यात चौदा वर्षं मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं, त्यामुळे मोजमापाचा भाग आपोआप माझ्याकडे आला.

इन्व्हर्टरवर बॅटरीच्या चार रेघा दिसतात. त्या व्होल्टेजवरून ठरतात, आणि व्होल्टेजवर मी विश्वास ठेवत नाही. आमच्या बँकेचं शांत असतानाचं व्होल्टेज पूर्ण भरल्यावर साधारण ५०.८ आणि अर्धी उतरल्यावर ४८.८. सगळा खेळ दोन व्होल्टचा. आईने वाटप करायला मिक्सर लावला की त्यातला एक व्होल्ट लगेच खाली जातो, बंद केला की परत वर येतो. दुपारी ऊन पडलं की रिकामी बँकसुद्धा ५४ दाखवते. रेघा बघून घर चालवणं म्हणजे उकळी बघून पातेल्यात दूध किती ते सांगणं.

म्हणून शंट लावला. शंट म्हणजे पितळी ठोकळ्यांमध्ये बसवलेली जाड पट्टी, आमची १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्टची. बँकेच्या निगेटिव्हमधून जे काही आत येतं आणि बाहेर जातं ते सगळं तिच्यातून जातं, आणि तिच्या दोन टोकांमधला तो चिमूटभर व्होल्टेज मोजून करंट कळतो. दर सेकंदाला करंट मोजायचा, बेरीज-वजाबाकी करत राहायचं, की बॅटरीत किती अँपिअर-तास उरले ते समजतं. ही बेरीज थोडी थोडी चुकत जाते. म्हणून बँक ५७ व्होल्टच्या वर आणि करंट ६ अँपिअरच्या खाली असा काही मिनिटं टिकला, की मीटर स्वतःला १०० टक्क्यांवर आणतो. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपचं एक छोटं कार्ड हे वाचून भिंतीवर दोन आकडे दाखवतं: टक्के, आणि आत्ताचा करंट. बॅटरीतून जात असेल तर उणे. मोबाइलवर आलेख आहेत, पण ते मी बघते. घरात वापरला जातो तो भिंतीवरचा आकडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायड्रोमीटर घेऊन बसले. तो बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजतो; बॅटरी उतरते तशी ती कमी होते. या बॅटऱ्यांच्या कागदावर पूर्ण भरल्यावर आम्लाची घनता १.२४० लिहिली आहे. मला सगळ्या सेलमध्ये १.१४० च्या आसपास मिळाली. एखादाच सेल खाली असता तर तो गेला असं म्हटलं असतं. सगळे सारखेच खाली होते, म्हणजे बॅटऱ्या धड होत्या आणि खरोखरच रिकाम्या होत्या. चूक माझ्या मोजण्यात होती. मी कार्ड तपासलं, शंटचे नट आवळले, मल्टिमीटरने मिलिव्होल्ट पडताळले. सगळं बरोबर.

तेव्हा आई मागून म्हणाली, "गो बाय, मोटर लावली तरी तो आकडा हलत नाय. मिक्सर लावला की कसा उडी मारतो. मला वाटलं मोटर थेट उन्हावर चालते."

मी मोटर लावून बघितली. करंट जागचा हलला नाही. मोटर १२ अँपिअर घेते, शंटवर ९ मिलिव्होल्ट दिसायलाच हवे होते. बॅटरीच्या कपाटात वाकून पाहिलं तर मोटरची निगेटिव्ह वायर सरळ बॅटरीच्या टर्मिनलवर आवळलेली. जोडणाऱ्याला तिथे बोल्टवर जागा दिसली असणार, आणि मी ते कधी तपासलं नव्हतं. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर शंटची एकच वायर हवी, बाकी सगळ्या निगेटिव्ह शंटच्या पलीकडच्या टोकाला. एकही वायर अलीकडे राहिली तर तिच्यातून जाणारा करंट मीटरला दिसतच नाही.

मग हिशेब केला. मोटर रोज अर्धा तास, म्हणजे ६ अँपिअर-तास, म्हणजे बँकेचे चार टक्के. उन्हाळ्यात बँक रोज भरत होती, मीटर रोज १०० वर येत होता, चूक रोज पुसली जात होती. पावसात भरणं थांबलं आणि चूक साचत गेली. किती दिवस, हे आईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतं. दुधाच्या लिटरखाली ती रोज संध्याकाळचे टक्के पेन्सिलीने लिहिते, आणि बँक भरली त्या दिवशी चौकटीत 'पूर्ण'. शेवटचं 'पूर्ण' आठ दिवसांपूर्वीचं. आठ चोक बत्तीस. बासष्टातून बत्तीस गेले, तीस उरले. हायड्रोमीटर जवळपास तेच सांगत होता.

वायर हलवायला दहा मिनिटं लागली. त्यानंतर मी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं: घरातली एकेक वस्तू लावायची, आकडा किती हलतो ते वहीत लिहायचं, वस्तूवर लिहिलेल्या वॅटशी ताडून बघायचं. नवीन शंट लावणाऱ्या प्रत्येकाला मी आता एवढंच सांगते. आलेख, ॲप, सगळं नंतर.

त्याच तपासणीत दुसरी गोष्ट हाती लागली. घराचा मेन स्विच बंद करूनही आकडा उणे ०.८ वर थांबला. तो इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च, ४० वॅट. चोवीस तासांत जवळजवळ एक युनिट. आर्द्रात असे दिवस येतात की सगळ्या पॅनेलमधून मिळून तीन युनिट येतात, आणि त्यातलं एक नुसतं यंत्र जागं ठेवायला जातं. आता पावसाळ्यात रात्री अकरा ते पहाटे पाच इन्व्हर्टर बंद. फ्रिज तेवढा वेळ थंड राहतो. पडवीतला आणि न्हाणीघरातला दिवा ४८ व्होल्टवरच चालणारा लावला. तोही शंटच्या पलीकडून, आईसमोर आकडा हलवून दाखवून.

उन्हाचं मोजमाप वेगळंच करावं लागतं, हे मला उशिरा कळलं. बँक भरली की कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारं यंत्र, पॅनेलना आवरतो, त्यामुळे एप्रिलमध्ये आज किती युनिट आली यावरून ऊन किती होतं ते कळत नाही. मी १० वॅटचं छोटं पॅनेल मोठ्यांच्याच उताराला बसवलं आणि ०.१ ओहमच्या रेझिस्टरने जवळजवळ शॉर्ट केलं. असा करंट उन्हाच्या प्रमाणात असतो. ते छोटं पॅनेल मी दर रविवारी पुसते, मोठी तशीच ठेवते. सकाळी बँक भुकेली असताना मोठ्यांच्या करंटचं छोट्याच्या करंटशी गुणोत्तर बघायचं. ते घसरलं की मोठी पुसायला शिडी काढायची. पावसाळ्यानंतर खालच्या कडेला शेवाळ धरतं, ते जमिनीवरून दिसत नाही.

एकच काम राहिलंय. मोटर काका विहिरीवरून लावतात, आणि तिथून त्यांना भिंतीवरचा आकडा दिसत नाही. घरापासून वायर ओढणार नाही. परतीच्या पावसात विजेने लांब वायरीवरचं माझं एक कार्ड जाळलंय. तिथे वेगळा, वायफायवरचा छोटा डिस्प्ले बसवायचा आहे, एकच आकडा, काकांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा.